दिवसा सांगितलेली गोष्ट

"पोरगी मुकी आहे," शाळा तपासायला आलेले इंगोले साहेब म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला. "जन्मापासूनच असणार. वेळेवर लक्ष द्यायला पाहिजे होतं."

मी शाळेच्या ओसरीवर उकिडवा बसलो होतो, तो उठून उभाच राहिलो.

"मुकी कसली साहेब? घरी असते तेव्हा तिच्या बडबडीनं आमच्या कोंबड्या अंडं द्यायचं विसरतात."

साहेब हसले. तायडे मॅडमही हसल्या. पोलीस पाटील कुंजीलाल तर एवढा हसला की त्याला ठसकाच लागला.

"साहेब, हा भैय्यालाल दारसिंबे," डोळे पुसत तो म्हणाला. "याच्याकडं तर अस्वलंही बोलतात. मागच्या साली यानं एकाला चहा पाजला."

"पाजला नाही," मी म्हटलं. "त्यानं मागितला. घरात साखर नव्हती, कोरा-फिका दिला, म्हणून रागावून गेलं."

पुन्हा हशा. त्या हशात माझी खरी गोष्ट सिपना नदीच्या पुरात गेल्यासारखी वाहून गेली. जन्मभर मी इतक्या निगुतीनं खोटं बोललो होतो की त्या दिवशी खरं बोलायला गेलो तर ते कोणी हातात घेईना.

ती पोरगी, सुगंती, माझ्या मुलीची मुलगी. ती मुलगी, माझी फुलय, गेली तेव्हा ही रांगत होती. बापानं दुसरी केली आणि तो डोंगरापलीकडच्या गावी राहायला गेला. माझी बायको त्याआधीच गेलेली. राहिला माझा मुलगा नंदराम, म्हणजे सुगंतीचा मामा. तो दिवाळी झाली की कामाला बाहेर पडायचा, आज पुलावर तर उद्या वीटभट्टीवर, आणि होळीला परतायचा. आमच्या जामुनढाण्यातले सगळेच जायचे. मेळघाटात दिवाळीनंतर एखाद्या ढाण्यात, म्हणजे आमच्या कोरकू वस्तीत, येऊन बघा. दारांना कुलपं असतात, आणि ज्यांच्याकडं कुलूप घ्यायला पैसे नसतात त्यांच्या दाराला काटेरी फांदी असते. म्हातारी माणसं, त्यांच्या गळ्यात टाकलेली चिल्लीपिल्ली आणि कुत्री, एवढंच गाव उरतं. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. भुंकायचं कुणावर?

त्या घरात आम्ही दोघं. एक गोष्ट सांगणारा आणि एक हुंकारा देणारी.

आमच्यात गोष्ट एकट्यानं सांगता येत नाही. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला 'हं' म्हणायचं असतं. तोच हुंकारा. तो थांबला की गोष्ट थांबली. मग कूला, म्हणजे आमचा वाघ, विहिरीत अर्धा लटकलेला असला तरी त्याला तसाच लटकू द्यायचा. बायको गेल्यावर माझे दोन-तीन वाघ वर्षानुवर्षं लटकत होते. सुगंतीला बसता यायला लागलं, ती चुलीपाशी बसून 'हं' म्हणायला लागली, तेव्हा कुठं एकेक करून मी त्यांना बाहेर काढलं.

ती नुसतं हं म्हणायची नाही. मध्ये मध्ये विचारायची. "वाघाला सर्दी झाली तर तो शिंकतो कसा?" मी शिंकून दाखवायचो. "मग हरणं पळत नाहीत?" "पळतात ना. म्हणून तर सर्दीतला वाघ उपाशी मरतो." "हं," ती म्हणायची आणि तिला त्या वाघाची खरंच काळजी वाटायची. माझ्या एकाही गोष्टीवर ती कधी हसली नाही. पाटलाच्या ओट्यावर मी गोष्ट सांगितली की लोक हसायचे. ही मात्र मानायची.

आता शाळेचं सांगतो. पहिल्या दिवशी शाळेतून आल्यावर ती म्हणाली होती, "आज्या, तिथं एक माणूस दिवसभर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा बोलतो." ते गुरुजी चांगले होते, पण ते मराठीत बोलत आणि पोरांना नुसती कोरकू येत होती. बाकीची पोरं हळूहळू 'हजर' म्हणायला शिकली. ही तेही शिकली नाही. घरून निघताना बडबडत जायची आणि शाळेच्या फाटकापाशी तोंड मिटायची, जशी आपण चप्पल बाहेर काढतो तशी.

मग तायडे मॅडम आल्या. अकोल्याकडच्या, वयानं लहान, आणि जिद्दीच्या. त्यांनी ठरवलं, पोरांना आधी कोरकूतच शिकवायचं. अक्षर, आकडे, सगळं त्यांच्या घरच्या बोलीतून, आणि मराठी बोट धरून हळूहळू आणायची. स्वतः कोरकू शिकल्या. इतकी वाकडी बोलायच्या की पोरं लोळून हसायची आणि हसता हसता त्यांना सुधारायची. त्या हसण्यातच पोरांची तोंडं उघडली. जी पोरं वर्षभर भिंतीला टेकून बसायची, ती आता फळ्यापाशी भांडायला लागली.

एकटी सुगंती तशीच.

"मॅडम," इंगोले साहेब त्या दिवशी ओसरीवर म्हणाले, "तुमचा हा वर्ग एका वर्षाच्या परवानगीवर आहे. वर लोक विचारतात, पोरं मराठीत मागं पडणार नाहीत का? मी काय सांगू? आणि घरची बोली ऐकून पोरं बोलतात म्हणता, मग ही का बोलत नाही?"

मॅडमनी सुगंतीकडं पाहिलं.

"असं करू. पुढच्या सोमवारी मी परत येतो. ही बोलली, तर तुमचा वर्ग पुढच्या साली चालावा म्हणून मी स्वतः वर भांडतो. नाही बोलली, तर शहरात मुक्या मुलांची शाळा आहे, तिथं हिला घालू. राहणं-खाणं फुकट. माझ्या ओळखीचे आहेत. आजोबा, पोरीचं भलंच होईल."

माणूस वाईट नव्हता. आला की पोरांना बिस्किटं आणायचा. सुगंतीच्या डोक्यावरून हात फिरवून त्यानं तिलाही पुडा दिला होता. तिनं तो घेतला आणि त्याच्याकडं असं पाहिलं, जसं आपण लांबच्या डोंगरावरच्या वणव्याकडं पाहतो.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या.

"बाबा, एक विचारू? ती घरी खरंच बोलते ना?"

"तुम्हीसुद्धा?"

"तसं नाही हो. माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या, पण कोंबड्यांकडं बघत. "सगळ्यात जास्त केव्हा बोलते?"

"गोष्ट चालू असली की."

"मग तुम्हीच सोमवारी शाळेत या. गोष्ट सांगा. ती हुंकारा देईल, साहेब ऐकतील. झालं!"

"दिवसा?" मी विचारलं.

"शाळा दिवसाच असते, बाबा."

"मॅडम, दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली, ऐकली, की मामा वाट चुकतो."

"कोणाचा मामा?"

"ऐकणाऱ्याचा. इथं म्हणजे आमचा नंदराम."

मॅडमनी पदरानं हसू झाकलं. मीही हसलो. म्हटलं, "तसा तो लहानपणापासून वाट चुकलेलाच आहे. पण रीत म्हणजे रीत." मुक्यांच्या शाळेत कुलूप असतं का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. विचारलं ते भलतंच.

"मॅडम, वर्गाला खिडक्या किती?"

सोमवारी साहेब आले तेव्हा आम्ही शाळेत रात्र करून ठेवली होती. दोन्ही खिडक्या लावून त्यांवर घोंगड्या, दाराच्या फटीला पोतं. कुंजीलालनं त्याच्या घरचा कंदील आणून दिला, वर म्हणाला, "भैय्या, सूर्यालाही फसवायला निघालास?" साहेब उन्हातून एकदम आत आले आणि त्यांचा पाय पाण्याच्या बादलीत गेला.

"हे काय आहे?"

"रात्र आहे, साहेब," मी म्हटलं. "बसा."

ते ओल्या बुटानं खुर्चीवर बसले. पोरांची खुसखुस थांबली. सुगंती पहिल्या रांगेत, गुडघ्यांना मिठी मारून. मी कंदिलापाशी बसलो, घसा साफ केला आणि पट्टे धुवायला नदीवर गेलेल्या वाघाची गोष्ट काढली. ही तिची आवडती. वाघ पट्टे घासतो, घासतो, आणि पाणी काळं-पिवळं होऊन खाली वाहतं, आणि खालच्या गावातल्या बायकांची लुगडी पट्ट्यापट्ट्यांची होतात.

"एक कूला होता," मी म्हटलं.

"हं!" सगळा वर्ग म्हणाला. तायडे मॅडमही म्हणाल्या. इंगोले साहेबसुद्धा, शेजारी म्हणतोय म्हणून, "हं" म्हणाले.

सुगंती नाही.

"त्याला आपल्या पट्ट्यांचा कंटाळा आला."

"हं!"

सुगंती नाही. मी थांबलो. बाकी वर्गाचं काही असो, माझी गोष्ट तिच्या हुंकाऱ्यावर चालत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं बोट उचललं आणि जमिनीकडं दाखवलं.

कौलाला भोक होतं. तिच्या पायांपुढं उन्हाचा कवडसा पडला होता, रुपयाएवढा, पांढरा शुभ्र. तिनं त्यावर हात ठेवला. कवडसा तिच्या हातावर चढला. तिनं हात मागं घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. म्हातारा असून तुला एवढंही दिसत नाही का, असं. मग तिनं पोतं लावलेल्या दाराकडं पाहिलं. त्या दारापलीकडं फाटा होता, आणि फाट्यावर एसटी थांबायची.

सगळ्या ढाण्यात तो नियम खरा मानणारी दोनच माणसं होती. एक ती, आणि दुसरं कोण ते काय सांगायचं.

"आजोबा, थांबलात का?" साहेब म्हणाले. खिशातून पेन काढल्याची टकटक मला ऐकू आली.

मी सरकत तिच्यापुढं गेलो. कोरकूतच बोललो, साहेबांना कळू नये म्हणून.

"सुगंती, हं म्हण. मामाला काही होत नाही."

ती बघत राहिली.

"अगं, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, ते खोटं आहे. मी बनवलं होतं. तू दिवसभर माझं डोकं खाऊ नये म्हणून."

तुम्हाला सांगतो, जन्मात मी काय काय बनवलं. सर्दीतला वाघ बनवला, चहाबाज अस्वल बनवलं, सिपना एक रात्र उलटी वाहिली ते बनवलं. पण ही एक गोष्ट मी बनवलेली नव्हती. ही मला माझ्या आज्यानं सांगितली होती आणि त्याला त्याच्या आज्यानं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोणी उन्हात गोष्ट काढली नाही आणि आमचे मामे सगळे घरी आले.

"बनवलं होतं?" असं तिच्या डोळ्यांनी विचारलं.

"बनवलं होतं," मी म्हटलं.

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आणि मग ती बोलली. खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी.

"मग मोहातली आई?"

वर्गातली सगळी पोरं एकदम तिच्याकडं वळली. त्यांनी तिचा आवाज शाळेत पहिल्यांदा ऐकला होता. साहेब खुर्चीतून उठले, कंदील लवंडता लवंडता राहिला.

"बोलली! मॅडम, बोलली! काय म्हणाली?"

मोहातल्या आईचं असं होतं. होळीनंतर आमच्याकडं मोह झडतो. पहाटे झाडाखाली फुलं टपटपतात, ती वेचायला सगळे जातात. सुगंती चालायला लागली तसा मी तिला पाठुंगळी घेऊन जायचो. एकदा तिनं विचारलं, फुलं कोण पाडतं? मी सांगितलं, तुझी आई. ती वर फांदीवर बसते आणि आपल्यासाठी एकेक फूल सोडते. तेव्हापासून ही फुलं वेचताना झाडाशी बोलायची. दिवसभराचं सगळं सांगायची. कोंबडीनं काय केलं, आज्या कुठं पडला, मामानं कोणता फ्रॉक आणला. मी पलीकडच्या झाडाखाली वेचत राहायचो, मुद्दाम लांब. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. कोणीतरी फुलयशी बोलत होतं.

आणि आता ती माझ्यापुढं बसून विचारत होती. तेही खोटं म्हणू? मग झाड रिकामं होतं. ते खरं म्हणू? मग दुसरं खोटं कशावरून, असं ती विचारणार, आणि तोंड पुन्हा मिटणार. मी तायडे मॅडमकडं पाहिलं. त्यांना कोरकू आता पुरती कळायची. कंदिलाच्या उजेडात त्यांचे डोळे भरलेले दिसले.

"ती विचारते आहे," मॅडम साहेबांना म्हणाल्या, "की पुढं काय झालं."

"वा! मग सांगा की आजोबा. पोरगी विचारते आहे ना?"

मी वाघाकडं वळलो. म्हटलं, कूला नदीवर गेला आणि त्यानं पट्टे पाण्यात भिजवले.

"हं," सुगंती म्हणाली.

हजेरी देताना म्हणतात तसं. नंतर प्रत्येक वाक्याला म्हणाली, एकही चुकवलं नाही. वाघ धुऊन झाला, बायकांची लुगडी रंगली, पोरं हसली, साहेब हसले, त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. कोणीतरी घोंगड्या काढल्या आणि भसकन दिवस आत आला.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. मॅडमचा वर्ग पुढच्या साली राहिला, त्याच्या पुढच्याही साली. मुक्यांच्या शाळेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. सुगंती शाळेत बोलायला लागली ती अशी की कुंजीलाल एकदा म्हणाला, "भैय्या, हिला थांबवायची काही गोष्ट आहे का तुझ्याकडं?"

घरी, चुलीपाशी, मी गोष्ट काढली की ती अजून हुंकारा द्यायची. पण मध्येच विचारायची, "हे खरं की बनवलेलं?" तिनं याआधी हे कधीच विचारलं नव्हतं. आई मात्र तिनं पुन्हा विचारली नाही. मीही सांगितली नाही.

त्या साली होळी जवळ आली तशी ती रोज फाट्यावर जाऊन बसायला लागली. मीही जायचो, जरा मागं बसायचो. एसटी यायची, लोक उतरायचे, गाठोडी उतरायची, ढाण्यातली एकेक काटेरी फांदी दारावरून निघायची. नंदराम उतरत नव्हता. सुगंती माझ्याकडं वळून बघायची नाही. नुसती तिची पाठ दिसायची.

मी देवाला काय म्हटलं ते सांगतो. म्हटलं, माझ्या पोराला सुखरूप आण. पण थोडा चुकवून आण. एखादं वळण. एखादा फाटा. भलत्या गावी उतरू दे, तिथून पायी येऊ दे, शिव्या देत येऊ दे. एवढंच.

होळीच्या आदल्या दिवशी भर दुपारी नंदराम उतरला. नवा शर्ट, खांद्यावर रेडिओ, हातात सुगंतीसाठी लाल सँडल.

"बा! कसा आहेस?"

"वाट नाही ना चुकलास?" मी विचारलं.

"वाट?" तो हसला. "बा, वाट कशाची चुकतो? अमरावतीला बसलो, परतवाड्याला बदलली, झोपलो, कंडक्टरनं इथं उठवलं. या खेपेसारखा सरळ तर मी कधीच आलो नाही."

सुगंतीनं मामाला मिठी मारली. त्याच्या पोटात तोंड खुपसून ती उभी राहिली, खूप वेळ. मग तिनं हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मी काहीतरी बनवून तो घालवला असता.

"नाही चुकला," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं.

मोह झडायला लागला तेव्हा ती पहाटे माझ्याबरोबर आली. पाठुंगळी नाही, चालत, लाल सँडल घालून. भरभर वेचत होती. टोपली लवकर भरली. मी पलीकडच्या झाडाखाली कान देऊन होतो. नुसती फुलं पडत होती, टप, टप, टप.

त्याच दिवशी ऊन चढल्यावर ती शाळेतल्या चार-पाच पोरींना घेऊन आली. मी अंगणात मोह वाळत घालत होतो. पोरी सावलीला गोल करून बसल्या. इतके ऐकणारे माझ्यापुढं कितीतरी वर्षांत बसले नव्हते.

"ऐका गं," सुगंती त्यांना म्हणाली. तिला माझा अभिमान होता, तो चेहऱ्यावर मावत नव्हता. "माझा आज्या लई भारी खोटं बोलतो. आज्या, मोहातल्या आईची सांग."

"आत्ता? उन्हात?"

"मग काय झालं?"

मी हातातली फुलं चटईवर पसरली. मग बसलो. एक बाई होती, म्हटलं. ती मोहाच्या झाडात राहायची. पहाटे फांदीवर बसायची आणि खाली आपल्या माणसांसाठी एकेक फूल सोडायची.

"खरंच राहायची?" सगळ्यात लहान पोरीनं विचारलं. डोळे एवढाले करून.

"नाही गं, वेडे," सुगंती म्हणाली. "गोष्ट आहे. तू फक्त हं म्हण."

"हं," ती पोरगी म्हणाली.